कॅज्युअल्टीतली पहिली ड्युटी: नातेवाइकांचा संताप मारहाणीपर्यंत जाऊ नये म्हणून

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने मारलं, डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं आणि त्यानंतर सरकारी रुग्णालयांच्या दारांवर महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान दिसू लागले. जवान हवेतच. पण जवान धावत येतो तो आरडाओरडा ऐकून. त्याआधीचा तास-दीड तास नातेवाईक बाकावर बसून असतो आणि आत काय चाललंय ते त्याला कोणीही सांगितलेलं नसतं. मारहाण त्या तासात शिजते. म्हणून या लेखातला बराचसा भाग त्या तासाबद्दल आहे. इंटर्न, पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदर, आणि मामा-मावशी (वॉर्डबॉय-आया), सगळ्यांसाठी.

ड्युटी घेतानाची दहा मिनिटं

आधीच्या टीमकडून पेशंटची यादी घेता, तशी नातेवाइकांचीही घ्या. कोणाला काय सांगितलंय, कोण बेडसाठी थांबलंय, कोणाचा आवाज आधीच चढलाय. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ या पाळी बदलण्याच्या वेळा सगळ्यात नाजूक असतात. सकाळचे डॉक्टर ‘आज ऑपरेशन होईल’ म्हणून गेलेले असतात आणि दुपारचे डॉक्टर ‘कोण म्हणालं?’ असं विचारतात. नातेवाइकाला त्या क्षणी वाटतं की आपल्याला फसवलं. यादीत पेशंटच्या नावापुढे एक ओळ वाढवा: ‘मुलाला १.४० वाजता सांगितलं, सीटी रिपोर्टची वाट बघतोय.’ एवढं पुरतं.

मग खोलीकडे बघा. तुमची खुर्ची अशी हवी की उठून दाराकडे जाताना मध्ये पेशंट किंवा नातेवाईक येणार नाही. टेबल भिंतीला लावून डॉक्टर कोपऱ्यात बसवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ते टेबल फिरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. कात्री, फोर्सेप्स, सुईचा ट्रे उघड्यावर न ठेवता ड्रॉवरमध्ये ठेवा. टेबलावरची काच काढून टाकायला सांगा. मोकळे सलाईन स्टँड एका बाजूला, छोटा ऑक्सिजन सिलिंडर साखळीने भिंतीला. बाहेरचे लोखंडी बाक जमिनीला बोल्टने बसवलेले नसतील तर आरएमओंना (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना) लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवू नका, खिशात ठेवा. तो ओढला की मान सापडते. ओळखपत्राच्या फितीचंही तेच, क्लिप लावून ते खिशाला अडकवा.

फोनशेजारी मोठ्या अक्षरांत चार नंबर हवेत: सुरक्षा चौकी, आवारातली पोलीस चौकी, सीएमओ (कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी) आणि ११२. पाळीच्या सुरुवातीला सुरक्षा चौकीचा नंबर एकदा लावून बघा. नंबर बदललेला असतो, फोन मृत असतो, आणि हे नको त्या वेळी कळतं. शिवाय सगळ्यांनी मिळून एक साधं वाक्य ठरवा, ‘सिस्टर, निळी फाईल आणा’ यासारखं. ते ऐकलं की एकाने तुमच्या शेजारी येऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याने बाहेर जाऊन जवानाला बोलवायचं. समोरच्या माणसाला यात धमकी ऐकू येत नाही.

पेशंट दारात आल्यावर

पहिली दोन मिनिटं फार मोलाची. ट्रॉली आत आली की नाव-गाव-आधार कार्ड विचारण्याआधी पेशंटला हात लावा. नाडी बघा, बोटाला ऑक्सिमीटर लावा, हाताला बीपीचा पट्टा गुंडाळा. उपचाराच्या दृष्टीने ते करायचंच असतं, पण बाहेरून बघणाऱ्याला त्यातून कळतं की आपल्या माणसाकडे कोणीतरी बघतंय. ‘आधी केसपेपर काढून आणा’ हे पहिलं वाक्य असेल तर पुढे कितीही चांगलं काम केलं तरी ते वाक्यच लक्षात राहतं. पोलीस केस आहे म्हणून थांबायचं तर कारणच नाही. आधी जीव वाचवायचा, कायद्याचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेलं आहे.

मग नातेवाईक. गावाकडून आलेल्या पेशंटबरोबर एका जीपमधून पंधरा माणसं उतरतात आणि ती सगळी आत शिरू बघतात. ‘सगळे बाहेर व्हा’ म्हणून ओरडलं की पंधराही जण एकाच वेळी दुखावतात. त्याऐवजी विचारा, ‘घरात पेशंटजवळ जास्त कोण असतं? आणि डॉक्टरांशी कोण बोलणार?’ दोन नावं मिळतात. त्या दोघांना पास द्या, एकाचा मोबाईल नंबर केसपेपरच्या कोपऱ्यात लिहा आणि बाकीच्यांना सांगा, ‘जे काही असेल ते मी या दादांना सांगणार, ते तुम्हाला सांगतील.’ हा एक बोलका माणूस तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत ठरवला नाही, तर नंतर तो गर्दी ठरवते, आणि गर्दी नेहमी सगळ्यात चढ्या आवाजाचा माणूस पुढे करते.

नंतर आलेला पेशंट आधी आत गेला की बाकावर कुजबुज सुरू होते. लाल, पिवळा, हिरवा ही वर्गवारी तुम्हाला पाठ असते, बाहेर बसलेल्यांना ती माहीत नसते. भिंतीवर मराठीत मोठा फलक लावा: लाल म्हणजे जीवाला आत्ता धोका, लगेच आत, पिवळा म्हणजे गंभीर पण थोडा वेळ थांबू शकतो, हिरवा म्हणजे नंबराप्रमाणे. फलकाशिवाय तोंडीही सांगा, ‘ताई, त्यांचा श्वास थांबत होता म्हणून त्यांना आधी घेतलं. तुमच्या मुलाचा हात मोडलाय, दुखतंय, मला कळतंय. दुखणं थांबायचं इंजेक्शन आत्ता देतो, प्लास्टर एक तासाने.’ वेदना कमी करणारं इंजेक्शन लवकर द्या. विव्हळणारं पोर मांडीवर घेऊन बसलेली आई तासभर शांत राहील अशी अपेक्षाच चुकीची आहे.

ठरलेल्या वेळी बातमी

इथे नवे लोक सगळ्यात जास्त चुकतात. सांगण्यासारखं नवं काही नाही म्हणून ते बाहेर येतच नाहीत. नवं काही नसलं तरी जायचं. लाल पेशंटच्या माणसाकडे दर १५ ते २० मिनिटांनी, पिवळ्याकडे अर्ध्या-पाऊण तासाने, हिरव्याकडे तासातून एकदा. डॉक्टर अडकलेले असतील तर सिस्टरनी जावं, सिस्टरही अडकल्या तर इंटर्नने. बोलणं अर्ध्या मिनिटाचं: काय सापडलं, आत्ता काय चाललंय, पुढची बातमी किती वाजता. वेळ घड्याळातली सांगा. ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य तर शब्दकोशातूनच काढून टाका. पाच मिनिटांत कोणीच येऊ शकत नाही, आणि सहाव्या मिनिटापासून समोरचा माणूस घड्याळ मोजायला लागतो. नऊ पंचावन्नला वीस मिनिटं लागतील असं वाटलं तर ‘साडेदहापर्यंत’ सांगा आणि सव्वादहालाच जा.

सर्पदंशाचं उदाहरण घ्या, कारण पावसाळ्यात तालुक्याच्या रुग्णालयात याच्यावरून हमखास वाद होतात. साप चावलेला माणूस चालत-बोलत येतो. तुम्ही २ मिली रक्त काढता, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालता आणि २० मिनिटं नळी न हलवता ठेवून देता. मग ती तिरकी करून रक्त गोठलंय का बघायचं. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरश्यासारख्या सापाचं विष रक्तात भिनल्याची ती खूण. या २० मिनिटांत नातेवाइकाला काय दिसतं? डॉक्टर खुर्चीत बसलाय, टेबलावर एक नळी आहे आणि आपल्या माणसाला ‘सापाचं इंजेक्शन’ कोणी देत नाही. म्हणून नळी स्टँडमध्ये ठेवताना त्याला जवळ बोलवा आणि दाखवा: ‘हे तुमच्या भावाचं रक्त. आता अकरा वाजून पाच मिनिटं झालीत. अकरा पंचवीसला आपण दोघं मिळून नळी तिरकी करून बघू. रक्त गोठलं तर निदान आत्ता तरी विषाने रक्त बिघडलेलं नाही. तरी डोळ्यांच्या पापण्या आणि श्वास आम्ही बघत राहणार, कारण मण्यार चावली तर रक्त गोठतं पण श्वास अडकतो. इंजेक्शन गरज नसताना दिलं तर त्याचीच मोठी रिॲक्शन येऊ शकते.’ एवढं सांगितलेला माणूस ती २० मिनिटं नळीवर पहारा देतो. तोच माणूस, न सांगता बाकावर बसवला असता, तर गावातून आणखी दहा जणांना फोन करून बसला असता.

काही वाक्यं जीभेवर तयार असतात, ती मुद्दाम मोडावी लागतात. ‘एवढ्या उशिरा का आणलं?’ हे त्यातलं सगळ्यात वाईट. पेशंट दगावला तर दोष आपला, असं ते घरच्यांना सांगतं, आणि माणूस तो दोष अंगावरून झटकण्यासाठी दुसऱ्याकडे वळवतो, म्हणजे तुमच्याकडे. किती वाजल्यापासून त्रास आहे, हे विचारलं की हवी ती माहिती मिळते. ‘आधीच्या डॉक्टरने वाट लावली’ हे तर कधीच बोलू नका. ‘तुमचा एकट्याचाच पेशंट आहे का?’ याला नातेवाइकाचं उत्तर ठरलेलं आहे, माझ्यासाठी हो. बेड नसेल तर ‘बेड नाही’ एवढ्यावर थांबू नका. कुठे मिळेल हे तुम्ही फोन करून विचारा, १०८ ची गाडी लागेल का बघा, ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव आणि वेळ रेफरच्या चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी हातात देऊन मोकळं होणं आणि माणसाला पुढच्या दारापर्यंत पोचवणं यातला फरक त्याला बरोबर कळतो.

पेशंट स्वतःच अंगावर येतो तेव्हा

दारूचा वास आला की ‘पिऊन आलाय’ म्हणून बाजूला टाकायची सवय धोक्याची आहे. आधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली असेल तर तो आक्रमकपणा साखरेचा असू शकतो, २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) शिरेतून गेलं की तोच माणूस दहा मिनिटांत ‘मी कुठे आहे?’ असं विचारतो. मग ऑक्सिजनची पातळी, डोक्याला मार, ताप, नुकतीच आलेली फिट. म्हाताऱ्या माणसाने रात्री अचानक कॅथेटर (लघवीची नळी) ओढला, सिस्टरना मारलं, तर त्याची लघवी तुंबलीय का तेही पोटावर हात ठेवून बघा. तुंबलेल्या लघवीने भ्रमात गेलेले आजोबा लघवी मोकळी झाल्यावर तासाभरात निवतात. हाड मोडून भरती झालेला, रोज पिणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री थरथरू लागला, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, तर ती दारू सुटल्याची अवस्था आहे, जीवघेणी आहे, आणि ती पहिल्याच दिवशी ‘किती वर्षं, रोज किती, शेवटची कधी’ विचारून आधी ओळखता येते.

धरायची वेळ आलीच तर पाच माणसं लागतात. प्रत्येक हातापायाला एक, पाचवा डोक्याजवळ, आणि तोच बोलणार. दोघा-तिघांनी झटापट केली की पेशंटलाही लागतं आणि तुम्हालाही. पालथं पाडून पाठीवर बसू नका, श्वास कोंडून माणूस जातो. मऊ कापडी पट्टे वापरा, दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि श्वास बघा, वेळ लिहा. शांत करणारं इंजेक्शन वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय देऊ नका, आणि दिल्यावर पेशंटला नजरेआड करू नका. शिक्षा म्हणून बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची मनाई आहे, साखळदंडाला पूर्ण बंदी.

पारा चढताना

येरझाऱ्या सुरू होतात. तोच प्रश्न तिसऱ्यांदा येतो. माणूस उत्तर देणं बंद करून नुसता रोखून बघतो, पुटपुटतो, मुठी आवळतो. बाहेर जाऊन फोनवर ‘या रे सगळे’ म्हणतो. बडबडणारा अचानक गप्प झाला तर जास्त सावध व्हा. यातलं काहीही दिसलं की एकट्याने जाऊ नका, निळी फाईल मागवा.

दोन हात लांब अंतर ठेवा आणि अगदी समोर उभं न राहता थोडं तिरकं उभं राहा. हात उघडे, दिसतील असे. एकानेच बोलायचं. आवाज त्याच्यापेक्षा खाली, वाक्यं छोटी. ‘शांत व्हा’ म्हटल्याने आजवर कोणी शांत झालेलं नाही. त्याच्या तक्रारीत जे खरं आहे ते आधी मान्य करा: ‘काका, दोन तास तुम्ही बसून आहात आणि कोणी येऊन सांगितलं नाही. हे चुकलं. आता मी सांगतो.’ नव्या डॉक्टरांना वाटतं, ‘चुकलं’ म्हटलं की केस अंगावर येईल. थांबवून ठेवल्याबद्दल दिलगिरी म्हणजे उपचारातल्या निष्काळजीपणाची कबुली नव्हे. मग विचारा, ‘तुम्हाला आत्ता काय हवंय?’ पुष्कळदा उत्तर अगदी लहान असतं, एकदा आत जाऊन बघायचंय. एका माणसाला दोन मिनिटं आत न्या.

खुर्ची आणि पाणी द्या. बसलेला माणूस उभ्या माणसाइतका पेटत नाही. खांद्यावर हात ठेवू नका. बाजूला बोलायला न्यायचं तर दार उघडं ठेवा आणि सोबत कोणीतरी घ्या. कोणी मोबाईलवर शूटिंग करत असेल तर फोन हिसकावू नका, कित्येक मारामाऱ्या तिथूनच सुरू झाल्यात. ‘तुमचं शूटिंग करा, पण दुसऱ्या पेशंटच्या बाईचं अंग उघडं आहे, कॅमेरा माझ्याकडे ठेवा’ म्हणा, आणि पडदा ओढा. गल्लीतले कार्यकर्ते येतात तेव्हा त्यांना टाळू नका आणि त्यांच्यापुढे वाकूही नका. घरच्यांच्या संमतीने, तीच माहिती त्याच शब्दांत त्यांना द्या, आणि बाहेरची गर्दी सांभाळायचं काम त्यांच्याकडे सोपवा. कायद्याचा फलक भिंतीवर असावा, तुमच्या तोंडी नसावा. भांडण पेटलेलं असताना ‘तीन वर्षं आत जाल’ म्हणणं म्हणजे आव्हान देणं.

मृत्यूची बातमी

हल्ले जास्त करून याच क्षणी होतात, म्हणून याची तयारी सगळ्यात काटेकोर हवी. सीपीआर (छातीवर दाब देणं) चालू असतानाच एक जण बाहेर जाऊन सांगतो, ‘हृदय बंद पडलंय. चालू करायचा प्रयत्न करतोय. कदाचित होणार नाही.’ ही पायरी गाळली तर ‘आत्ता तर बरे होते’ हे वाक्य ऐकावंच लागतं. ‘वर हलवतोय’ म्हणून मृत्यू तासभर लपवणं तर साफ चूक. लपवलेला तास केसपेपरवर दिसतो आणि तोच पुढे तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

सांगायला दोघांनी जा, शक्यतो वरिष्ठ आणि ज्यांनी आतापर्यंत बातमी दिली ते. जागा दाटीवाटीची नको, तुमच्या मागे दार हवं. घरच्या दोन-तीन जवळच्यांना बसवा. शब्द स्पष्ट: ‘तुमचे वडील वारले.’ ‘एक्स्पायर झाले’ हे आपल्याला सरावाचं आहे, खेड्यातल्या आजीला ते कळत नाही, आणि ‘सिरीयस आहेत’ म्हटलं की ती जिवंत समजते. ‘बॉडी’ हा शब्द घरच्यांसमोर उच्चारू नका. ‘बाबांना आता बाहेर आणतो’ असं म्हणा. मग गप्प राहा. रडू द्या. पाठ फिरवून लगेच निघून जाऊ नका.

व्हेंटिलेटर लावलेला असेल तर मृत्यू सांगितल्यावरही छाती वरखाली होताना दिसते आणि ‘जिवंत माणसाला मेला म्हणतात’ असा गलका होतो. ती हालचाल मशिनची आहे हे आधी सांगा, ईसीजीची सरळ रेघ दाखवा, मगच मशिन काढा. शवविच्छेदन करावं लागणार असेल (अपघात, विष, भाजणं, लग्नाला सात वर्षं न झालेली बाई) तर तेही त्याच बैठकीत सांगा, साधारण किती वेळ जाईल, पोलीस कधी येतील यासकट. तीन तासांनी कळलेलं शवविच्छेदन नातेवाइकांना दुसऱ्या मृत्यूसारखं लागतं. आणि या घरच्यांपुढे बिलाचा कागद त्या तासात कोणी धरणार नाही, याची काळजी खासगी रुग्णालयात काम करणाऱ्यांनी घ्यावी.

तरीही हात उठलाच तर

निघा. सामान, फाईल, मोबाईल काही उचलायला थांबू नका. उलट हात उगारू नका. आतून कडी लागणारी खोली गाठा, ११२ लावा. चालता न येणाऱ्या पेशंटजवळ कोण थांबणार आणि गर्दी आत येऊ नये म्हणून कोणतं दार लावायचं, हे ड्युटीच्या सुरुवातीलाच ठरलेलं असावं.

नंतर, किरकोळ लागलं तरी स्वतःची एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. जखमेचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. चावा घेतला असेल, रक्त लागलं असेल तर जखम साबण-पाण्याने धुऊन एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लगेच, शक्य तर दोन तासांत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण जपण्यासाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) ठरावीक दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसतो. केसपेपरवर नंतर काही घुसडू नका. राहिलेली नोंद करायची तर आत्ताची तारीख आणि वेळ टाकून करा. खाडाखोड एका रेघेने, खाली सही.

तक्रार एकट्या डॉक्टरने किंवा सिस्टरने करायची नसते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या १६ ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार घटनेपासून सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांची आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय कर्मचारी आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मालमत्तेचं नुकसान केलं तर त्याच्या दुप्पट भरपाई. डॉक्टरच नव्हे तर नर्स, विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारीही त्यात येतात. तक्रारीत या कायद्याचं नाव स्पष्ट लिहा. सरकारी नोकराच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेची कलमं १२१ आणि १३२ (कामापासून रोखण्यासाठी इजा किंवा हल्ला) सुद्धा लागू शकतात, तीही नोंदवायला सांगा.

मार खाल्लेल्या माणसाला उरलेली पाळी करायला लावू नका, आणि रात्री खोलीवर एकटं सोडू नका. दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमने पंधरा मिनिटं बसून केसपेपर समोर ठेवावा आणि वेळा वाचाव्यात: पेशंट किती वाजता आला, नातेवाइकांशी शेवटचं कोण आणि किती वाजता बोललं, आवाज किती वाजता चढला. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर फळ्यावर लिहा, आणि त्या संध्याकाळच्या पाळीपासून ते अंतर कोण भरून काढणार, त्याचं नाव ड्युटीच्या तक्त्यावर घाला.